रोजच्या लिखाणाला फाउंटन पेन कोणतं?

दादरकर: ऑफिसात साध्या रजिस्टरवर रोज लिहितो. पावसाळ्यात शाई फार पसरते. पेन बदलू का?

निळीशाई: आधी कागद बघा. दमट हवेत तो ओलावा धरतो आणि शाई तंतूंतून फुटते. त्यावर बारीक निबच हवी. पायलट कंपनीची एफ (फाइन, म्हणजे बारीक) निब ही लामी कंपनीच्या एफपेक्षा बारीक उमटते, म्हणून पायलटचं मेट्रोपॉलिटन पेन घ्या.

टाकवाला: सहमत. थेट टाकीत शाई भरायचं पेन लोकलच्या गर्दीत नकोच. शाई कमी उरली की आतली हवा अंगाच्या उबेने फुगते नि शाई निबेतून बाहेर ढकलते. कन्व्हर्टरवालं (आत शाई ओढून घेणारी सुटी नळी असलेलं) बरं; खिशात निब वर ठेवा.

निळीशाई: आणि चित्रकलेची इंडिया इंक चुकूनही भरू नका, फीड (निबेखालचा, शाई निबेपर्यंत आणणारा भाग) कायमचा चोंदतो. शाई बदलताना साध्या पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. गरम पाणी अजिबात नको.