मदत हवी आहे : दगडाची धूळ आणि स्क्लेरोडर्मा यांचा संबंध डॉक्टरांपुढे कसा मांडावा?

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाला गेल्या पावसाळ्यात सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे सर्वसाधारणपणे ज्याला स्क्लेरोडर्मा म्हणतात तो ऑटोइम्यून (स्वतःची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटण्याचा) आजार असल्याचे निदान झाले. दादाचे वय ४३ आहे. तो पुण्यात स्वयंपाकघराचे ओटे बसवतो आणि विशीपासून त्याने दगड कापण्याचेच काम केले आहे. औषधे सुरू आहेत, ज्या संधिवाततज्ज्ञांकडे तो जातो ते आपुलकीने आणि वेळ देऊन तपासतात, त्यामुळे उपचारांविषयी माझी तक्रार नाही. मात्र हा आजार कशामुळे झाला असावा या प्रश्नाला "कारण सांगता येत नाही" एवढेच उत्तर मिळाले, आणि केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात "खासगी नोकरी" असे लिहिले गेले. तो नेमके काय काम करतो, हे आजवर त्याला कोणी विचारलेले नाही. माझी अडचण ही आहे.

सुरुवात बोटांपासून झाली. थंडीच्या दिवसांत सकाळी नळाखाली हात धरले की दोन्ही हातांची बोटे दुसऱ्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरी पडत, मग निळसर होत आणि ऊब मिळाल्यावर लालभडक होऊन ठणकत. कटरच्या हादऱ्यांनी असे होत असेल, असे समजून त्याने दोन हिवाळे अंगावर काढले. हादऱ्यांनीही बोटे पांढरी पडतात हे खरे आहे, त्यामुळे त्याचा समज अगदीच निराधार नव्हता. पुढे बोटे सुजली, अंगठी कापून काढावी लागली, हाताच्या पाठीवरची कातडी इतकी ताठ झाली की चिमटीत धरता येईना, आणि शर्टाची वरची गुंडी वहिनी लावून देऊ लागली. जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा कोठे आम्ही तज्ज्ञांकडे गेलो. एएनए आणि अँटी-एससीएल-७० या दोन्ही रक्तचाचण्या (शरीराच्याच घटकांविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या) पॉझिटिव्ह आल्या. छातीचा साधा एक्स-रे झाला आहे, एचआरसीटी (फुप्फुसांचे बारकावे दाखवणारे सीटी स्कॅन) अजून व्हायचे आहे.

कामाच्या स्वरूपाविषयी सविस्तर लिहिते, कारण माझ्या प्रश्नाचा गाभा तेथेच आहे. पूर्वी दादाच्या हाताखालून मुख्यतः कडाप्पा आणि शहाबादी फरशी जात असे. हे दोन्ही दगड मूलतः चुनखडकाचे. नंतर ग्रॅनाइट आला आणि गेल्या काही वर्षांत कारखान्यात तयार होणाऱ्या क्वार्ट्झच्या पाट्यांना मागणी वाढली. ग्रॅनाइटमध्ये स्फटिकरूप सिलिका (वाळू व गारगोटीचा मुख्य घटक) साधारणपणे एक तृतीयांशाच्या आसपास असते, तर राळेत क्वार्ट्झचा चुरा घट्ट बसवून केलेल्या या पाट्यांमध्ये तिचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. सरळ काप दुकानात यंत्रावर पाण्याखाली होतात. परंतु सिंकसाठीचा चौकोन, शेगडीचे भोक आणि काठाची गोलाई ही कामे ग्राहकाच्या घरी, हातातल्या कटरने, बहुतेक वेळा कोरडीच केली जातात, कारण पाणी वापरले की राडा होतो, तो खालच्या मजल्यावर ओघळतो आणि सोसायटीचे लोक काम बंद पाडतात. मी एकदा त्याला डबा द्यायला अशा एका फ्लॅटवर गेले होते. बंद गॅलरीत तो उकिडवा बसला होता, तोंडाला रुमाल होता, आणि पापण्यांवर व कानाच्या पाळ्यांवर पिठासारखा पांढरा थर होता. जो थर डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा न दिसणारे, ५ मायक्रॉनहूनही बारीक कण अधिक घातक असतात, कारण ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि रुमालाने अडत नाहीत.

आता मी जे वाचले आहे ते मांडते. दगडाचे काम आणि स्क्लेरोडर्मा यांचा संबंध ही कालपरवाची कल्पना नाही. डॉक्टर बायरम ब्रॅमवेल यांनी १९१४ मध्ये एडिंबरा येथे आपल्या पाहण्यात आलेल्या स्क्लेरोडर्माच्या नऊ रुग्णांविषयी लिहिले, त्यांपैकी पाच जण पाथरवट होते. १९५७ मध्ये इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांमध्ये हीच सांगड दाखवली आणि सिलिकाशी निगडित स्क्लेरोडर्माला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्याआधी, १९५३ मध्ये, कॅप्लन यांनी साउथ वेल्समधील कोळसा खाणकामगारांची फुप्फुसे आणि त्यांचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात यांचा संबंध नोंदवला होता. त्यानंतरच्या अभ्यासांत सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांमध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंडे अशा अनेक अवयवांना होणारा ऑटोइम्यून आजार) आणि स्क्लेरोडर्मा हे तिन्ही आजार अपेक्षेपेक्षा अधिक आढळले आहेत. धूळ आणि धूम्रपान एकत्र आले तर संधिवाताचा धोका आणखी वाढतो, असे स्वीडनमधील संशोधनातून दिसले आहे. दादा विडी-सिगारेट ओढत नाही.

हे घडते कसे, तेही मला समजले तसे लिहिते. फुप्फुसातील भक्षक पेशी सिलिकाचा कण गिळतात, पण तो त्यांना पचवता येत नाही. कणामुळे पेशीच्या आतील पाचक पिशव्या फुटतात, दाह पेटवणारे संदेश बाहेर पडतात, पेशी मरते आणि तोच कण पुढची पेशी गिळते. हे चक्र वर्षानुवर्षे सुरू राहते. मेलेल्या पेशींमधील शरीराचेच घटक वारंवार उघडे पडत राहिल्याने प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते, असा यामागचा विचार आहे. अर्थात धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, आनुवंशिक कल त्यासाठी लागतोच. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्क्लेरोडर्मा झाला तरी दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण फार कमी आहे, यावरून निव्वळ रक्ताला दोष देता येत नाही, असे मला वाटते.

नात्यातली मंडळी पाण्यापासून हायब्रीड भाजीपर्यंत अनेक कारणे सुचवत आहेत. कृपया या धाग्यावर ती चर्चा नको. पर्यावरणातील ज्या कारणांना खरोखर पुरावा आहे, तेथे तो फार ठोस आहे: हायड्रलाझिन आणि प्रोकेनामाइड या औषधांनी होणारा ल्युपस, व्हिनाइल क्लोराइडच्या कारखान्यांतील कामगारांमध्ये दिसलेला स्क्लेरोडर्मासारखा आजार, किंवा १९८१ मध्ये स्पेनमध्ये भेसळीच्या रेपसीड तेलाने सुमारे २०,००० लोकांना झालेली बाधा, ज्यांतील अनेकांची कातडी पुढे अशीच ताठ झाली. सिलिका या पंक्तीत बसते, ऐकीव गोष्टींच्या पंक्तीत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून क्वार्ट्झच्या कृत्रिम पाट्यांवर बंदी घातली ती मुख्यतः सिलिकोसिसमुळे (सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांत कायमचे व्रण पडण्याच्या आजारामुळे), पण कामगार तेच आणि धूळही तीच.

माझे प्रश्न असे आहेत. डॉक्टरांचा अवमान न होता, कामाचा हा इतिहास त्यांनी केसपेपरवर नोंदवावा यासाठी काय आणि कसे सांगावे? त्या नोंदीने तपासण्यांत किंवा उपचारांत काही फरक पडतो का? काम आता थांबवले तर आजाराला आळा बसेल का? दादाच्या हाताखाली दोन मुले आहेत आणि माझा सतरा वर्षांचा भाचा सुट्टीत त्यांच्याबरोबर जातो, त्यांच्यासाठी आज, लगेच, काय करता येईल? ज्या कंत्राटदाराकडून कामे येतात तो म्हणतो, "धूळ सगळेच खातात, आजारी हा एकटाच कसा पडला?" त्याला काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद

ताई, मी श्वसनरोग विभागात काम करतो. तुमच्या दादांना तपासलेले नसल्याने उपचारांविषयी काही सांगणार नाही, पण नोंदीविषयी नक्की सांगतो.

एका व्यक्तीच्या बाबतीत "धुळीनेच झाला" असे कोणीही छातीठोकपणे लिहून देणार नाही, तसा आग्रहही धरू नका. "सिलिकाच्या धुळीशी दीर्घकाळ संपर्क" एवढी नोंद मात्र प्रत्येक डॉक्टर करील. एका कागदावर कोणत्या वर्षापासून कोणता दगड, दिवसाचे किती तास, ओले की कोरडे काम, मास्क होता की नव्हता हे लिहून न्या. आमच्या ओपीडीत गर्दीमुळे हे विचारायचे राहून जाते, हे मान्य करतो. कागद समोर असला की तो फाइलला लागतो.

फरक निश्चित पडतो. एचआरसीटीच्या चिठ्ठीवर ही माहिती लिहिलेली असेल, तर रेडिऑलॉजिस्ट फुप्फुसाच्या तळाशी स्क्लेरोडर्माचे बदल शोधतानाच वरच्या भागात सिलिकोसिसच्या गाठी आणि छातीच्या मध्यभागी कडेने चुना साठलेल्या लसिका ग्रंथी आहेत का, हेही बारकाईने पाहतात. दुसरे म्हणजे क्षयरोग. सिलिकाने फुप्फुसाची क्षयाविरुद्धची ताकद घटते, आणि स्क्लेरोडर्मात फुप्फुसासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागू शकतात, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी लागते. फुप्फुसक्षमतेच्या चाचणीत डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो याचे माप) मोजायला सांगा, हृदयाचा इको करून घ्या, आणि घरी रक्तदाबाचे यंत्र ठेवा. या आजारात रक्तदाब एकाएकी चढून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, त्यामुळे स्टिरॉइड कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर घेऊ नयेत.

काम थांबवल्याने झालेले नुकसान भरून येत नाही, सिलिकोसिस तर धूळ थांबल्यावरही वाढू शकतो, तरीही दादांनी धुळीपासून दूर होणे आवश्यक आहे. मुलांसाठी: कोरडे कापणे बंद, सिंकचा चौकोन घरी मोजून दुकानात पाण्याखाली कापावा, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, कामाचे कपडे घरात झटकू नयेत. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी, दाढीवर तो बसत नाही. भाच्याला कृपया पाठवू नका. आणखी एक, सिलिकोसिस कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, स्क्लेरोडर्मा तेथे नाही. त्यामुळे एचआरसीटीत सिलिकोसिस दिसला तर भरपाईच्या दृष्टीने त्या अहवालाला मोठे महत्त्व येईल.

धागालेखिका

मनापासून आभार. वहिनी आणि मी मिळून कागद तयार करत आहोत. सगळ्यांत कठीण भाग वर्षांचा आहे, कारण दादाला साल आठवत नाही, पण कोणत्या सोसायटीत कोणता दगड बसवला हे तो अचूक सांगतो, म्हणून इमारतींवरून सालांचा अंदाज बांधत आहोत. रक्तदाबाचे यंत्र कालच आणले. भाच्याशी दादा स्वतःच बोलला आणि तो आता जाणार नाही. हाताखालच्या मुलांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही: दुकानात कापून आणलेला सिंकचा चौकोन घरच्या भिंती काटकोनात नसल्याने दोन-चार सूत इकडे-तिकडे होतो आणि जागेवर घासावाच लागतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खरेही आहे. हातातल्या कटरला पाण्याची बारीक धार जोडून किंवा धूळ ओढणारे यंत्र लावून ग्राहकाच्या घरी काम करणारे कोणी येथे वाचत असतील, तर त्यांनी आपली पद्धत आणि अंदाजे खर्च कृपया लिहावा. एचआरसीटी आणि डीएलसीओ पुढच्या आठवड्यात आहेत, अहवालात काय आले ते येथेच कळवीन.