धनुष्यबाणाचा अख्खा हंगाम रिकामा गेला, वाऱ्याचं कुठं चुकलं?

खानापूरकर
मंडळी, आधीच सांगतो, हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं आहे. आपल्याकडं १९७२च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. तिकडं परवाना घेऊन हरीण मारता येतं. बाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. यंदा २३ वेळा झाडावर बसलो, हाती काही नाही. आता सुट्टीला घरी आलोय, पण डोक्यातनं जात नाही.

जागा एका डेअरीवाल्या शेतकऱ्याची, त्याच्या परवानगीनं. खाली घळ आणि ओढा, तिथं हरणं दिवसा पडून असतात. वर मक्याचं शेत. मी मधल्या चढावर, ओकच्या झाडावर, १८ फूट उंच. वारा घळीकडनं माझ्याकडं असेल तेव्हाच चढायचो, मोबाईलवर बघून. तरी दिवस कलला की चाळीसेक पावलांवर यायची, पुढचा पाय आपटायची आणि पांढरी शेपटी उभारून पसार. असं सहा वेळा. साबण बदलला, कपडे बिनवासाच्या पावडरीत धुतले, बूट घराबाहेर ठेवले. फरक शून्य.

७ नोव्हेंबरला, माजाचे दिवस, एक नर २० यार्डांवर आला. मान वर, कान माझ्याकडं. मी बाण सोडला. तो खाली दबला आणि बाण पाठीवरनं गेला. बॅटरी घेऊन दोन तास शोधलं. बाण पानांत रुतलेला सापडला, पात्यावर ना रक्त, ना केस. जखमी झाला नाही म्हणून जीव भांड्यात पडला, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

वारा बरोबर असून त्यांना मी कळत कसा होतो? आणि तो बाण सोडायलाच नको होता काय?

जांबोटीचा शेतकरी
दादा, मी शिकार कधी केली नाही. पण भाताच्या राखणीला माळ्यावर बसून तीस वर्षं गेली. गवा नि डुक्कर, दोघांचं नाक मला ठाऊक हाय.

आमचं शेत उतरणीला, खाली ओढा. शेकोटीचा धूर बघत बसायचं, तोच सगळं सांगतो. दुपारी ऊन असताना धूर चढाकडं जातो. दिवस बुडाला, वारा पडला की तोच धूर जमिनीला लागून खाली ओढ्याकडं सरपटतो. गार हवा जड, पाण्यागत उताराला लागते. राखणीला ते बरंच, आमचा वास आला की गवा खालीच थांबतो. तुला लपायचं होतं आणि तू बसलास चढावर! मोबाईल गावचा वारा सांगतो, घळीचा नाही सांगत. आज सांजेला घरामागं उदबत्ती लावून बघ की.

निपाणीकर, सध्या पेनसिल्व्हेनिया
वरच्या काकांचं सोळा आणे खरं आहे. मला हे कळायला चार हंगाम लागले.

बाणाचं सांगतो. २० यार्ड म्हणजे ६० फूट. धनुष्याचा आवाज तिथं ०.०५ सेकंदात पोचतो. सेकंदाला २७० फूट जाणाऱ्या बाणाला ०.२२ लागतात. सावध हरीण पळायला आधी पाय दुमडून खाली जातं, तेवढ्यात बाण वरनं निघून जातो. मान वर आणि कान तुझ्याकडं असतील तर बाण सोडू नकोसच. मान घालून चरत असेल तेव्हा, आणि नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर. आणि २३ बैठका एकाच झाडावर? दोनतीनदा वास लागला की ती वाट सोडतात रे.

शहापूरची ताई
हे वाचून वाईट वाटलं. जगायला लागत नसताना मारायचं कशाला, हा प्रश्न मला पडतोच. तुम्ही दोन तास शोधलंत ते मात्र मनाला लागलं, म्हणून विचारते.

खानापूरकर
ताई, प्रश्न रास्त आहे. मागल्या वर्षी एक मिळालं होतं, ते आम्ही आणि शेजाऱ्यांनी वर्षभर खाल्लं. विकायला कायद्यानं बंदीच आहे. तिथल्या हरणांत २००२ पासून मेंदूचा एक रोग सापडतोय, म्हणून खाण्याआधी नमुना तपासायला दिला होता. तरी तुमच्या मनाला पटेलच असं नाही, आणि आईलाही पटत नाही.

काका, काल तुमचं ऐकलं. घरामागच्या उतारावर काजूच्या बुंध्याला उदबत्ती खोवून बसलो. पाच वाजता धूर सरळ चढाकडं. सूर्य आड गेला, धूर मिनिटभर जागीच उभा राहिला, हलेना. मग वाकला आणि गवतावरनं माझ्या पायाजवळनं खाली निघाला, थेट ओढ्याकडं. तिकडंही नेमकी हीच वेळ होती, सहाच्या सहा वेळा.

पुढल्या सप्टेंबरला सकाळी वरचं झाड, सांजेला ओढ्याच्या काठी, त्यांच्या पडायच्या जागेपासून खालच्या अंगाला. पहिल्या आठवड्यात धनुष्य नेणार नाही, नुसती उदबत्ती नेणार. मैसूरची दोन पुडकी बॅगेत टाकली आहेत.