'तेओत्ल' म्हणजे 'देव' का?

मेक्सिकोतील अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतील 'तेओत्ल' (अनेकवचन 'तेतेओ') या शब्दासाठी मराठीत 'देव' योजावा की 'दैवी शक्ती', हा प्रश्न नुसता कोश उघडून सुटत नाही, कारण खरी अडचण सामासिक शब्दांत आहे. 'तेओकाल्ली' म्हणजे देऊळ, म्हणजेच देवाचे घर. येथपर्यंत सारे सरळ आहे. पण समुद्राला 'तेओआत्ल' म्हणतात आणि 'आत्ल' म्हणजे पाणी. सोळाव्या शतकात नाहुआ (नाहुआत्ल बोलणाऱ्या) सहकाऱ्यांच्या मदतीने 12 भागांचा ग्रंथ सिद्ध करणारे फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन यांच्या अकराव्या भागात खुलासा आहे, की हे पाणी देव नव्हे, ते अद्भुत आणि प्रचंड आहे म्हणून त्यास असे नाव आहे. समुद्र देव ठरणे धर्मोपदेशकाला परवडणारे नव्हते, हे ध्यानात घेऊनही हा खुलासा मला पटतो, कारण सोन्याचांदीला 'तेओक्वित्लात्ल' म्हणत आणि 'क्वित्लात्ल' म्हणजे चक्क विष्ठा. पिवळी ते सोने, पांढरी ती चांदी. आपणही 'देवमासा' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे देव नसतो, अवाढव्यपणा असतो.

डॅनिश अभ्यासक आरिल्ड ह्विटफेल्ट यांनी 1958 मध्ये 'तेओत्ल'ची तुलना पॉलिनेशियातील 'माना' (माणसांत व वस्तूंत वसणारी अलौकिक शक्ती) या संकल्पनेशी केली, आणि अलीकडे जेम्स मॅफी यांनी तर सर्व विश्व व्यापणारी एकच गतिमान ऊर्जा असा त्याचा अर्थ लावला. तत्त्वज्ञान म्हणून हे आकर्षक आहे, परंतु 'शक्ती' हा प्रतिशब्द स्वीकारला की नावे, वस्त्रे आणि अलंकार असलेले तेतेओ दिसेनासे होतात.

अझ्टेकांच्या 'तोश्कात्ल' सणासाठी बंदिवानांतून एक निर्दोष शरीराचा तरुण निवडत. त्याला बासरी शिकवत, फुले आणि दागिने घालून वर्षभर नगरातून हिंडवत, आणि लोक त्याला तेस्कात्लिपोका हा देव मानून वंदन करीत. अखेरीस तो देवळाच्या पायऱ्या चढताना आपल्या बासऱ्या एकेक करून मोडी आणि वर त्याचा बळी दिला जाई. अशा देहधारी रूपाला 'इशिप्त्ला' म्हणत, आणि हा शब्द माणसापुरता मर्यादित नव्हता: राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक घालून घडवलेली वित्सिलोपोच्त्ली या देवाची मूर्तीही इशिप्त्लाच, जी पुढे तोडून भक्त खात असत. (आपल्या उपवासाचा राजगिराही मुळात अमेरिका खंडातला.) 'प्रतिनिधी' म्हटले तर देव दूर कुठेतरी बसला आहे असे वाटते, 'अंगात येणे' म्हटले तर तो काही घटकांपुरता येऊन जातो. मला बोहाड्यातले (मुखवटे घालून देवादिकांची रूपे नाचवण्याच्या लोकोत्सवातले) 'सोंग' अधिक जवळचे वाटते, मात्र 'सोंग' शब्दाला चिकटलेला ढोंगाचा वास आड येतो, म्हणून 'इशिप्त्ला' तसाच ठेवून एकदा समजावून देणे बरे.

'तेओत्ल'साठी मात्र माझे मत 'देव' यालाच आहे, कारण मराठीतील हा शब्द पुरेसा ऐसपैस आहे. स्पॅनिश 'दिओस' आपल्या 'देव'चा सख्खा नातलग असला, तरी धर्मोपदेशकांना तो एकच एक अभिप्रेत होता, आणि म्हणूनच नाहुआत्लमधील ख्रिस्ती लेखनात 'तेओत्ल' असतानाही 'दिओस' मुद्दाम आणून बसवलेला दिसतो. ग्रीक 'थेओस'शी 'तेओत्ल'चे दिसणारे साम्य मात्र निव्वळ योगायोगाचे आहे.