मदत हवी आहे: सीटी आणि एमआरआय एकत्र करताना मान जुळत नाही

थ्रीडी स्लायसर या स्कॅन पाहण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकाच रुग्णाचा सीटी आणि कॉन्ट्रास्ट (भाग उठून दिसावा म्हणून टोचतात ते द्रव्य) दिलेला टी-1 प्रकारचा एमआरआय एकावर एक बसवतोय. एमआरआय बॅकग्राउंडला, सीटी फोरग्राउंडला, ओपॅसिटी (वरच्या चित्राची अपारदर्शकता) 0.5. ब्रेन्स रजिस्ट्रेशनमध्ये (स्कॅन एकमेकांशी जुळवणारं त्यातलं मॉड्यूल) रिजिड (आकार न बदलता फक्त सरकवणं-फिरवणं) निवडलं तर कवटी छान बसते, पण मानेचे मणके सरकलेलेच राहतात. सीटीत हनुवटी वर होती, एमआरआयच्या कॉइलमध्ये (डोक्या-मानेभोवती बसवतात तो सिग्नल घेणारा भाग) खाली. बी-स्प्लाइनने (चित्र जागोजागी ताणून-वाकवून जुळवण्याची पद्धत) मणके जुळले, पण गाठीची कड ताणल्यासारखी झाली. गाठ कवटीच्या तळापासून मानेत उतरलेली आहे, त्यामुळे ती कडच सगळ्यात महत्त्वाची.

नावं काढलेली आहेत, वापर फक्त शिकवण्यासाठी. लॅपटॉप 8 जीबीचा, सॉफ्टवेअर मोफतच हवं. कवटी आणि मान यांचं मास्क (फक्त निवडलेला भाग विचारात घ्यायला लावणारा) लावून वेगवेगळं रिजिड रजिस्ट्रेशन करून एकच फ्युजन (एकत्र चित्र) बनवता येईल का?