डायनासोर कशाने संपले? अशनी की आपला दख्खनचा लाव्हा?

सह्यवेडा:
परवा पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढलो. कड्यांत लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक. आजही सुमारे ५ लाख चौ. किमी मुलूख याच काळ्या पाषाणाचा आहे. एवढा लाव्हा आला तेव्हा गंधकाचे, कार्बनचे वायू किती सुटले असतील! तरी ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या संहाराचं सगळं खापर मेक्सिकोत पडलेल्या अशनीवर फोडायचं, हे मला पटत नाही. हवा आधीपासून तापत होती. प्राणी खचलेलेच होते, अशनी हा शेवटचा घाव.

नदीकाठ:
साफ असहमत. खचले होते तर अमेरिकेतल्या मोंटानात हेल क्रीकच्या खडकांत ट्रायसेराटॉप्स हा तीन शिंगांचा डायनासोर संहाराची खूण असलेल्या थराच्या इतक्या जवळपर्यंत कसा सापडतो? कच्छमधल्या अंजारला तर लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळाली आहेत. ज्वालामुखीच्या अंगणात ते वीण घालत होते.

आणि मेलं कोण, वाचलं कोण, हे बघा की. २५ किलोंहून जड असा जमिनीवरचा प्राणी जवळपास एकही उरला नाही, पण मगरी उरल्या, कासवं उरली. नदी-तळ्यातली अन्नसाखळी बरीचशी कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर चालते, तिला काही महिने ऊन नसलं तरी भागतं. जमिनीवर पाला गेला की तो खाणारा जातो आणि मागोमाग त्याला खाणारा. ही अचानक पडलेल्या अंधाराची खूण आहे, आणि असा अंधार मेक्सिकोतलं १८० किमी रुंदीचं चिक्शुलुब विवर पाडणाऱ्या आघातानेच होतो.

सह्यवेडा:
अंजारचं मान्य. पण कच्छात तगले म्हणून जगभर सगळं आलबेल होतं, असं होत नाही.

कातळ:
तुम्ही दोघं तारखा सोडून भांडताय. २०१९मध्ये दोन गटांनी सह्याद्रीतल्याच खडकांचं वय काढलं. झिरकॉन या खनिजावरून वय काढणारे म्हणतात, उद्रेकाचा एक मोठा झटका संहाराच्या कित्येक हजार वर्षं आधी सुरू झाला. खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढणारे म्हणतात, तीन चतुर्थांश लाव्हा संहारानंतरचा. सह्यवेडा, तुम्ही चढलात त्या घाटाचा वरचा भाग दोन्ही हिशेबांत नंतरचाच निघतो. तो कडा आरोपी होऊच शकत नाही.

सह्यवेडा:
हे ठाऊक नव्हतं, आभार. पण वायू लाव्ह्याच्या सोबतच यायला हवा असं कुठे आहे? खोल साठलेल्या शिलारसातून तो आधीही निसटतो. लाव्ह्याच्या तारखेवरून वायूची तारीख ठरवता येणार नाही.

नदीकाठ:
मुद्दा रास्त. पण त्या वायूने हळूहळू तापमान वाढलं असणार, आणि त्यात मगर जगते नि तिच्याएवढाच डायनासोर मरतो, याचं उत्तर अजून तुम्ही दिलेलं नाही.