मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय : आठवीच्या मुलांना काय दाखवावे?

प्रश्न (शिक्षिका, बदलापूर) : पुढील महिन्यात आठवीच्या चाळीस मुलांना फोर्टमधील सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर, अमर इमारतीत असलेले रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय दाखवावे, असा विचार आहे. लोकलचा प्रवास आणि डबे खाण्याचा वेळ वगळला, तर हाती जेमतेम दोन तास उरतात. मागील सहलीत मुले एका काचेकडून दुसरीकडे धावत गेली आणि परतल्यावर कोणालाच काही सांगता आले नाही, याची मला फार खंत वाटली. या वेळी मोजकेच, पण मनात राहील असे काय दाखवावे?

उत्तर १ (नाणी-अभ्यासक, नाशिक) : आपण सर्व दालने पाहण्याचा आग्रह सोडावा, असे मी मनापासून सुचवतो. मुलांना नाणे वाचायला शिकवावे, म्हणजे धातू कोणता, ठसा कशाचा आणि अक्षरे कोणती, हे तीन प्रश्न त्यांनी प्रत्येक नाण्याला विचारावेत. त्यासाठी आदल्या दिवशी वर्गात जोगळटेंभीची हकीकत सांगावी. नाशिकजवळच्या या गावी १९०६ मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी पश्चिम भारतातील क्षत्रप घराण्याचा राजा नहपान याची होती, परंतु त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याचा पराभव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने डोंगराचे आणि उज्जयिनीचे (अधिकाच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळे असलेले) चिन्ह नव्याने ठोकले होते, आणि त्या नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा काही नाण्यांवर अजूनही डोकावतो. सत्तांतर झाल्याचे इतके स्पष्ट प्रमाण हातात मावेल एवढ्या चांदीत मिळते, हे ऐकलेले मूल प्राचीन नाण्यांपुढे आपोआप थांबते.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे, मात्र चुकवू नये. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्यामुळे पुष्कळ शिवराई नाण्यांवर ही अक्षरे अर्धवटच उमटलेली दिसतात, म्हणून कोणते अक्षर कडेला तुटले आहे, ते मुलांना शोधू द्यावे.

उत्तर २ (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे) : वरील सूचना उत्तम आहे, परंतु नोटांच्या दालनासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा, कारण मुलांच्या घरातला पैसा तिथे आहे. पहिल्या महायुद्धात रुपयाच्या नाण्यासाठी लागणाऱ्या चांदीची टंचाई झाली, तेव्हा सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची आणि १९१८ मध्ये दोन रुपये आठ आण्यांची नोट काढली. अडीच रुपयांची नोट कशासाठी, असे आजच्या मुलांना वाटेल. मात्र रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, हा हिशेब फळ्यावर मांडला की अडीच रुपये म्हणजे नेमके चाळीस आणे, हे त्यांच्या लक्षात येते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि हा हिशेब संपला, पण ‘पै पै जोडणे’, ‘सोळा आणे खरे’ आणि ‘कवडीमोल’ हे शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात राहिले. कवडी खरोखरच चलन होती, हे मुलांना अवश्य सांगावे.

परतताना प्रत्येकाने आपल्याजवळच्या नोटेच्या मागच्या बाजूवरील भाषांचा तक्ता पाहावा. तेथे १५ भाषा इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या असून मराठी आठव्या ओळीवर आहे.

उत्तर ३ (पालक, नाशिक रोड) : संग्रहालय सोमवारी आणि बँकेच्या सुट्टीच्या दिवशी बंद असते, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी तेथे फोन करून चाळीस मुलांची कल्पना द्यावी. पुढील वर्षी सवड झाल्यास त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालयही पाहावे. ही संस्था १९८० पासून काम करत आहे.

प्रश्नकर्त्या : आपणा सर्वांचे आभार. मुलांचे आठ गट करून प्रत्येक गटाला एकच नाणे किंवा एकच नोट नेमून द्यायची, त्यांनी तिच्यासमोर बसून चित्र काढायचे आणि मग इतर गटांना ती समजावून सांगायची, असे ठरवले आहे. जोगळटेंभीची गोष्ट आदल्या दिवशी मी स्वतः सांगेन.