छोट्या घराची नवी मांडणी: तुमचे अनुभव लिहा

कांदिवलीत आमचं वन रूम किचन आहे, कार्पेट ३२० चौरस फूट. दिवाळीनंतर काम काढायचंय. इंटिरियरवाल्याने थ्रीडी चित्रं दाखवली. घर देखणं दिसतं, पण ओल्या छत्र्या, अंथरुणं आणि दुसरा सिलिंडर त्यात कुठेच नाही! राहत्या घरात बदल करून वावर सोपा झालेल्यांनी लिहा. फोटो नकोत, मापं द्या.

डोंबिवलीकर
कपाटांआधी दारं बघा. अडीच फुटांचं दार आत उघडतं तेव्हा तेवढी जमीनही अडवतं आणि मागची भिंतही. आम्ही स्वयंपाकघराचं दार काढूनच टाकलं, बाथरूमचं सरकतं केलं. दारामागच्या कोपऱ्यात फ्रिज बसला.

थोरली सून
आमचं सगळं भांडण ओट्यावर होतं. सिंक आणि शेगडी एकमेकांना खेटून, त्यामुळे भाजी चिरायला एकीने जमिनीवर बसायचं आणि दुसरीने तिला ओलांडून फ्रिजकडे जायचं. शेगडी पलीकडे सरकवली, मध्ये दोन फूट ग्रॅनाइट मोकळा मिळाला. ओटा ३२ इंचांवरून ३४ केला, कारण मी उंच. सासूबाई बुटक्या; त्यांच्यासाठी ओट्याखालून ओढून काढायची फळी करून घेतली, २८ इंचांवर. पोळ्या त्यावरच लाटतात. सुताराने आधी नाक मुरडलं, आता इतर गिऱ्हाइकांना तीच सुचवतो म्हणे.

साइटवाला
कॉलम-बीमला हात नाही. बऱ्याच जुन्या इमारतींत भिंतीच मजला पेलतात, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घण घालू नका. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. आणि संडास-मोरी जागची हलवू नका. पाइपांना उतार मिळत नाही, गळती मात्र खालच्यांच्या छताला.

वरळीचा
बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत वाढलो. रात्री गाद्या अंथरायच्या, सकाळी गुंडाळायच्या, दिवसा खोली मोकळी. आता पुनर्विकासात ५०० मिळाले तर घरच्यांना डबलबेड हवाय! माझं मत सोफा-कम-बेड. वाद चालू आहे.

धागाकर्ती
@डोंबिवलीकर, सरकत्या दाराला खाली पट्टी आहे का? आईचा पाय अडकतो.

डोंबिवलीकर
नाही, वरून टांगलंय. खालच्या खाचेत केर साचतो. फक्त दार सरकायला बाजूला तेवढीच मोकळी भिंत लागते, तिथे स्विचबोर्ड नको.